सरीसृपांची कवटी वाचायला मी अशी शिकले

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात सरीसृपांच्या कवट्या ओळखायच्या होत्या. तक्ता पाठ होता: डोळ्याच्या खोबणीमागे भोक नसेल तर ॲनॅप्सिड, एक असेल तर सिनॅप्सिड, दोन असतील तर डायाप्सिड. पण विभागाच्या कपाटातली जुनी घोरपडीची कवटी हातात घेतली की त्यातलं काही लागू पडेना. डायाप्सिड म्हणायची, आणि दोन बंद भोकं कुठेच दिसत नाहीत.

आमच्या बाई म्हणाल्या, "अगं, भोकं मोजू नकोस. काठाला कुठली हाडं आहेत ती काढ."

मग मी रंगीत पेन्सिली घेऊन मगरीपासून सुरुवात केली. तिच्यात सगळं शाबूत असतं. दोन भोकांच्या मधल्या पट्टीत पोस्टऑर्बिटल आणि स्क्वॅमोसल, खालच्या पट्टीत ज्युगल आणि क्वाड्रॅटोज्युगल. जबडा ज्यावर टेकतो ते क्वाड्रेट कवटीला घट्ट जखडलेलं. त्यानंतर घोरपड उलगडली. तिची खालची पट्टीच नाहीशी झाली आहे, म्हणून खालचं भोक तळाशी उघडं, आणि क्वाड्रेट मोकळं झुलतं. धामणीत मधली पट्टीही गेलेली. लांबट, सैल क्वाड्रेटमुळे तिला मोठं भक्ष्य गिळता येतं. रंग भरता भरता एकाच आराखड्यातून काय काय गळत गेलं ते दिसू लागलं. अभ्यासातला तो भाग मला अजूनही सर्वात आवडतो.

आपण सिनॅप्सिडांच्या वंशातले. गालाच्या हाडाच्या वर, कानशिलावर बोट ठेवून दात आवळा. फुगतो तो स्नायू त्याच जुन्या भोकाच्या जागेतला.

कासवाने मात्र बराच वेळ घेतला. त्याच्या कवटीत एकही भोक नाही, म्हणून त्याला पूर्वी आदिम ॲनॅप्सिड मानत. पण डीएनएनुसार ते मगरी आणि पक्ष्यांच्या जवळचं. 2015 मध्ये जर्मनीतल्या सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीच्या पॅपोकेलिसचं वर्णन आलं. कासवांच्या या जुन्या नातलगाच्या कवटीत दोन्ही भोकं होती. म्हणजे कासवाची भोकं नंतर बुजली. शून्य भोकं दिसली म्हणून प्राणी आदिम ठरवायचा, हे मी तिथेच सोडून दिलं.

तुआताराची कवटी आमच्याकडे नव्हती, म्हणून सीटी स्कॅनचं त्रिमितीय चित्र संगणकावर फिरवून पाहिलं. न्यूझीलंडचा हा प्राणी सरडा नाही, हे आल्बर्ट ग्युंटर यांनी 1867 मध्ये दाखवलं. त्याची खालची पट्टी पूर्ण आहे, म्हणून ती मूळचीच असं बराच काळ समजत. पण त्याच्या कुळातल्या जुरासिक काळच्या गेफायरोसॉरसमध्ये ती अपुरी आहे. तुआताराच्या पूर्वजांत ती गेली आणि पुन्हा जुळली. 'जिवंत जीवाश्म' हे बिरुद मला तेव्हापासून खटकतं.

या कुळाचा धागा आपल्याकडेही आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा शैलसमूहातून 2001 मध्ये रेब्बानासॉरस आणि गोदावरीसॉरस या तुआताराच्या दोन नातलगांची वर्णनं प्रसिद्ध झाली. तिथे अख्खी कवटी नाही, जबड्याचे तुकडे आहेत. कानशिलाची हाडं हाताशी नसली की ओळख दातांवरून पटवायची. दात जबड्याच्या हाडाला कुठे आणि कसे चिकटले आहेत, ते मी आता शिकते आहे.