मनगटाची नाडी लागत नाही, मग हात जाईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथे, सिस्टर आहे, हे कळलं की हा प्रश्न ठरलेला: "मनगटातून अँजिओग्राफी झाली, आता तिथली नाडीच लागत नाही. हात जाईल का?"

सहसा नाही जात. पंजाला दोन धमन्या रक्त पुरवतात, अंगठ्याकडून रेडियल आणि करंगळीकडून अल्नर. तळहातात त्या एकमेकींना मिळतात, त्यामुळे एक बंद पडली तरी दुसरी सांभाळून घेते. कित्येकांना तर रेडियल बंद पडल्याचा पत्ताही नसतो. तरी ती गमावू नये. पुढची अँजिओग्राफी, बायपास, डायलिसिसचा फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट), कुठेही ती लागू शकते.

रेडियल जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची, आणि तिच्यात घालायची नळी, म्हणजे 6 फ्रेंच मापाची शीथ, बाहेरून सुमारे अडीच. तिला इजा होणारच, म्हणून आत गुठळी होऊ नये यासाठी हेपरिन देतो. पण माझ्या मते निम्मी लढाई शीथ काढल्यावर, बँड (हवा भरून छिद्रावर दाब देणारा मनगटाचा पट्टा) लावताना असते. रक्त दिसलं की हवा भरत सुटायचं, हा सोपा मार्ग. तसं केलं की रक्तस्राव थांबतो, आणि धमनीतला प्रवाहही. म्हणून आधी हवा हळूहळू सोडायची, छिद्रावर रक्ताचा थेंब आला की एखाद-दोन मिली परत भरायची. मग अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून अल्नर दाबायची. स्क्रीनवर लाट उठत राहिली, म्हणजे रेडियल वाहते आहे. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत असला की नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि माझा राग या गाळण्यावरच आहे.

पहिल्या काही तासांत बंद पडल्याचं लक्षात आलं, तर डॉक्टर अल्नर काही वेळ दाबून ठेवायला सांगतात. सगळा ओघ रेडियलकडे वळतो आणि कधी कधी ती उघडतेही. आठवड्याने कळलं तर डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून घ्या, पण झोप उडवून घेऊ नका.

मनगट निळं-काळं होणं, थोडं ठणकणं, तेही चालायचंच. मात्र कोपराखालचा हात फुगून टणक झाला, बोटं सरळ करताना कळ गेली, मुंग्या आल्या, किंवा पंजा पांढरा आणि गार पडला, तर सकाळची वाट बघू नका. छिद्रातून रक्त आलं तर अंगठ्याने तिथेच घट्ट दाबा, हात वर धरा आणि दाब न सोडता हॉस्पिटल गाठा. गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.