भुवयांच्या मधले पाच ठिपके

आज दुपारी ताईसोबत ठाण्याच्या नौपाड्यातील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले होते. भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्यांमुळे आपण सतत रागावलेल्या दिसतो, ही तिची जुनी खंत. गेल्या महिन्यात एका ब्यूटी पार्लरमध्ये तिला औषधाची कुपीही न दाखवता स्वस्तात ‘बोटॉक्स’, म्हणजे आठ्या घालवणारे इंजेक्शन, करून देऊ असे सांगण्यात आले, तेव्हापासून माझ्या मनात धास्ती होती.

या डॉक्टरांनी मात्र आधी स्नायूंचे आजार आणि चालू औषधे यांची नीट चौकशी केली, सीलबंद कुपीवरची मुदत दाखवली आणि मगच ताईला भुवया आक्रसायला सांगून पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके काढले. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक होती, तरी ताईने माझा हात घट्ट धरला होता.

बोटॉक्समधले बोट्युलिनम टॉक्सिन हे मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आक्रसण्याचा संदेश देणारे रसायन, बाहेर पडू देत नाही, त्यामुळे स्नायू सैलावतो आणि त्वचेवर घडी पडत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला प्रथम मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. आठ्यांसाठीची मान्यता २००२ मधली. परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि तो साधारण ३ ते ४ महिने टिकतो. ‘या वयात कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न मला मुळीच पटत नाही.

चार तास आडवे व्हायचे नाही, कपाळ चोळायचे नाही, म्हणून आम्ही तलावपाळीवर जाऊन बसलो. वाऱ्याने केस कपाळावर आले की तिचा हात वर जाई आणि मी तो अलगद खाली घेई.