ओल्या रुमालाने सूर लागला

मुंबईतल्या काळा घोडा आर्ट फेस्टिवलच्या रविवारी रॅम्पार्ट रोवर काय गर्दी असते ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल, पाय ठेवायला जागा नसते. आणि त्या गर्दीत "या, हात लावा" असं काही मांडायचं म्हणजे आमच्यासारख्या वायरिंग-सेन्सरवाल्यांची परीक्षाच. पण मला हेच काम सगळ्यात आवडतं. १९९९ पासून हा फेस्टिवल चालू आहे, नऊ दिवस रस्त्यावर, फुकट, त्यामुळे आर्ट गॅलरीची पायरी कधी न चढलेली माणसंसुद्धा येतात.

यावेळचं काम, एका आर्टिस्ट मॅडमचं, दिसायला अगदी साधं होतं. दोन लाकडी खांब, दोन्हींवर तांब्याचा पत्रा, आणि मधलं अंतर एवढं की एकट्या माणसाचे हात पोचूच नयेत. एकाने इकडे हात ठेवायचा, दुसऱ्याने तिकडे, मधल्यांनी एकमेकांचे हात धरायचे, सर्किट पूर्ण झालं की तानपुरा वाजणार, आणि माणसं वाढली की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो म्हणून सूर खाली खाली खर्जात जाणार. लोकांच्या अंगातून करंट जाणार म्हटल्यावर मी सेफ्टीत कसलीच तडजोड करत नाही, सगळं बॅटरीवर, लाईटच्या मेन लाईनशी संबंधच नाही, ५ व्होल्ट आणि करंटच्या वाटेतच त्याला अडवणारा १० लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे काहीही झालं तरी करंट ५ मायक्रोअँपच्या, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखांतल्या पाच भागांच्या, वर जाणारच नाही. मुंगी चावल्याएवढंसुद्धा जाणवत नाही.

दुपारभर घरची माणसं, कॉलेजचे ग्रुप येऊन वाजवून गेले. खरी गंमत संध्याकाळी झाली. एका खांबाकडे कॉलेजची पोरं, दुसऱ्याकडे एक आजी, त्यांची सून आणि नात. आजी नातीला पलीकडचा घोड्याचा पुतळा दाखवून सांगत होत्या की हा तर आत्ताचा, २०१७ चा, आमच्या वेळचा राजा बसलेला घोडा १९६५ साली हलवला, तो राणीच्या बागेत आहे. साखळी जवळजवळ झाली होती, फक्त मध्ये एक फट, सून आणि एक पोरगा, आणि दोघंही अवघडलेले. परक्या माणसाचा हात कसा धरायचा! शेवटी तिने पर्समधून रुमाल काढला, एक टोक तिने धरलं, एक त्याने. आवाज नाही. मागून लगेच "बंद पडलंय, चला" सुरू झालं.

मी सांगायला पुढे झालो तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "का रे बाळा, कोरड्या कपड्यातून वीज जात नाही ना? मग ओला केला तर?" आणि मी काही बोलायच्या आत सुनेला बाटलीतलं पाणी रुमालावर ओतायला लावलं. तानपुरा लागला की हो! सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर जे झालं ते आमच्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं. ओले रुमाल, ओढण्यांची टोकं, कुणाचा गमछा, जो तो येऊन जोडला जातोय, साखळी वाढत वाढत वळून परत खांबांपाशी आली, आणि एकदम आवाज गेला. मी मीटर घेऊन निघालो होतो पण लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करणारे एक काका रांगेतच होते, त्यांनी मधल्या एका बाईंना दुसऱ्या खांबाचा पत्रा थेट धरायला सांगितलं. वाजलं! म्हणजे अलीकडची अर्धी साखळी चांगली, फॉल्ट पलीकडे. मग पलीकडच्या भागाची अर्धी, मग त्याचीही अर्धी, असं करत त्यांनी वाळलेला रुमाल शोधून काढला. केबलमधला फॉल्ट मी अस्साच शोधतो, आणि इथे एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं एकमेकांना "तुम्ही सोडा, ताई तुम्ही धरा" करत तेच करत होती, मला तर भरून आलं.

रात्री १० ला आवाज बंद करावाच लागतो, तेव्हाही रांग होती. खांबाजवळच्या पाटीवर साहित्य म्हणून तांबं, लाकूड, बॅटरी, माणसं असं लिहिलेलं, त्यात ओला रुमालही लिहा म्हणून मी आर्टिस्ट मॅडमच्या मागेच लागलो आणि त्यांनी लगेच मार्करने लिहिलं. सोमवारी तिथे पाण्याची बादली आणि सुती रुमालांचा गठ्ठा ठेवला, आणि पाणी ओघळून सर्किटच्या बोर्डात उतरू नये म्हणून मी खांबांच्या बुडाशी सिलिकॉन मारून घेतलं.