आरव म्हणजे शांत? नाव शोधण्याचा माझा अनुभव

माझं नाव तनया. संस्कृतात तनया म्हणजे मुलगी. थोडक्यात, आईबाबांनी मुलीचं नाव 'मुलगी' असं ठेवलं, आणि हे मला कळलं थेट कॉलेजात गेल्यावर. दादा-वहिनीच्या बाळासाठी नावं शोधायचं काम मी स्वतःहून ओढवून घेतलं ते बहुधा त्याच रागातून. वहिनीचं म्हणणं एवढंच होतं, "नाव वेगळं चालेल, पण अर्थ खरा हवा."

पहिल्या रात्री सगळे करतात तेच केलं. फोनवर याद्या चाळल्या आणि वहीत चाळीसेक नावं उतरवली, समोर अर्थ: तेजस्वी, अद्वितीय, देवाची देणगी. दर तिसरं नाव 'सूर्याचा पहिला किरण' निघायला लागलं तेव्हा शंका आली. सूर्याला पहिले किरण असून असून किती असणार?

मग वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला. पहिला तपासला आरव. यादीत अर्थ होता 'शांत'. कोशात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा! खरं तर कोशाचीही गरज नव्हती. कलरव शब्द आपण वापरतोच, त्यातलाच हा रव. दादा म्हणाला, "तान्ह्या बाळाला याहून चपखल नाव मिळायचं नाही." दुसरं होतं अनय. नय म्हणजे नीती, म्हणून अनय म्हणजे अनीती. ते वहिनीनेच खोडलं. लावण्या मात्र टिकलं, आणि त्याची गंमतही कळली: लावण्यच्या मुळाशी लवण आहे, म्हणजे मीठ. सौंदर्याला आपण गोड म्हणतो, पण शब्द खारट!

कियारापाशी मी दोन दिवस अडकले, कारण ते संस्कृत नाहीच आणि मी मात्र संस्कृतातच शोधत बसले होते. इटालियन किआरा लॅटिन 'क्लारा'वरून आलं, अर्थ उजळ, स्वच्छ. आयरिश किअरा 'किअर'वरून आलं, अर्थ काळा. उच्चार जवळजवळ एकच, अर्थ अगदी उलटे. तेव्हापासून क्रम बदलला. आधी नाव कुठल्या भाषेतलं ते बघायचं, मग ते फोडायचं, आणि शेवटी कोश.

रेयांशचं काय करायचं यावर आमचा वाद झाला. 'अंश' कळतो, पण 'रेय' काही मला कोशात सापडला नाही. दादाचं म्हणणं, "नवीन घडवलेलं नाव वाईट कशावरून?" मुद्दा बरोबर होता. व्हेनेसा हे नावही जोनाथन स्विफ्ट या लेखकाने घडवलेलंच आहे, एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थरचं लाडकं रूप जोडून. पुढे १८०७ मध्ये फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीसमूहाला तेच नाव दिलं, आणि आता याद्यांमध्ये व्हेनेसाचा अर्थ बेधडक 'फुलपाखरू' असा छापतात. घडवलं तर घडवलं म्हणावं, माझी तक्रार इतकीच. त्याला प्राचीन अर्थ कशाला चिकटवायचा?

मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या नावांचंही एक पान भरलं, कामाचं नसताना. आपल्याकडचे दगडू, धोंडू आणि भिकू. तुर्कीत दुर्सुन म्हणजे 'राहू दे', आधीची मुलं न जगलेल्या घरात ठेवलेलं नाव. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या अजीगर्ताने तर तिन्ही मुलांना कुत्र्याच्या शेपटीची नावं दिली: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. ही नावं वाचताना हसू येतं, दुर्सुनपाशी मात्र ते थांबतं.

मुलगी झाली. शेवटी उरली लावण्या आणि इरा, आणि वहिनीला दोन अक्षरी नाव आवडलं. इराचे चार अर्थ अमरकोशाने एका दमात सांगितलेत: भूमी, वाणी, सुरा, पाणी. तिसरा मी हळूच पुटपुटले. वहिनीने विचारलं, "चारही खरे आहेत ना?" मी हो म्हटलं. "मग झालं तर."

कुणी विचारलं की आम्ही वाणी सांगतो. दादा समोर असला, तर तो सुरेपासून सुरुवात करतो.