घोडखिंड प्रोजेक्ट अपडेट : हिरोइक अ‍ॅक्शनचं घोडं कुठं पेंड खातंय

तर मंडळी, घोडखिंडीची लढाई छोट्या पुतळ्यांनी (मिनी) टेबलावर खेळायचा गेम बनवतोय, त्याचा हा अपडेट. आधी रंगकाम. बांदलांच्या मावळ्यांची पहिली तुकडी झाली, ३०० ला ३० असा हिशोब धरलाय म्हणजे एक मिनी म्हणजे दहा माणसं. पाऊस थांबायचं नाव घेत न्हाई, असल्या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की पांढरी भुकटी बसते त्यामुळं सगळं ब्रशनंच केलं. बाजींचा दांडपट्टा राहिलाय, पातं मेटॅलिक करायचं का साधं राखाडी ते ठरत न्हाई. खिंड थर्माकोलची, वर पीओपी, चार इंच रुंद. एवढं बास, कारण खरा विषय रूल्सचा हाय.

रूल्सचा बेस घेतलाय मिडल-अर्थ स्ट्रॅटेजी बॅटल गेम या मिनींच्या लढाईच्या गेमचा, २०१८ ची एडिशन, नवीन २०२४ च्या डिसेंबरात आली पण हाताला जुनीच बसलीय. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी, हिरोकडं माइट, विल, फेट असे पॉइंट असतात. माइट खर्चून एकतर फासा एकानं वाढवायचा नाहीतर हिरोइक अ‍ॅक्शन, म्हणजे हिरोची खास चाल, पुकारायची. आणि संपला की संपला, दर टर्नला परत भरत न्हाई (एखाद-दुसरा स्पेशल हिरो सोडला तर). गेमची सगळी मजा इथंच हाय माझ्या मते. हिरो ताकदीनं मोठा ठरत न्हाई, माइट कधी टाकतो त्यावर ठरतो.

आता खिंडीत बघा काय होतं. वरवर वाटतं चार इंचांत दोन मावळे उभे केले की रस्ता बंद, कारण प्रत्येकाभोवती एक इंचाचा कंट्रोल झोन, शत्रूला त्याच्यावर चार्ज केल्याशिवाय (थेट जाऊन भिडल्याशिवाय) आत शिरता येत न्हाई. पण मावळा एकदा लढाईत गुंतला की त्याचा झोन गेला! म्हणजे शत्रूचा सरदार सिद्दी मसूद, त्याचा एक शिपाई येऊन भिडणार आणि त्याच्या मागचे चौघं बाजूनं सुळकन निघून जाणार. त्यात फाइट हरलेला एक इंच मागं सरतो, मागं जागा नसेल तर ट्रॅप, म्हणजे अडकला, मग त्याच्यावर डबल स्ट्राइक, म्हणजे दुप्पट वार. म्हणून दोन ओळी लागतात, मधी सरायला जागा लागते आणि दर टर्नला भोक बुजवायला आधी चाल मिळायला लागते. प्रायोरिटी, म्हणजे आधी कोण चालणार, ती फाशावर, ती गेली तर हिरोइक मूव्ह, म्हणजे माइट देऊन आधी हलायचं.

ही हिरोइक मूव्ह बाजींनी पुकारायची न्हाई, हे महत्त्वाचं. समोरच्यानं पण पुकारली तर कोण आधी ते फाशावर ठरतं, आणि मसूद आधी सुटून बाजींना भिडला की बाजींची मूव्ह रद्द आणि माइट पाण्यात. बाजींचे भाऊ फुलाजी, त्यांना दुसऱ्या ओळीत ठेवा, तिथं त्यांना कोण भिडू शकत न्हाई, सहा इंचांतले सगळे त्यांच्याबरोबर हलतात, हलून झाल्यावर पण सहा इंचांतच पाहिजेत, पण एवढ्याशा खिंडीत जाणार कुठं म्हणा! फुलाजींना दोन माइट दिलेत, ते निव्वळ यासाठीच.

हिरोइक कॉम्बॅट बाजींकडनं काढून टाकलीय. समोरचे सगळे मारले की पुढं सरकून परत लढायचं, वाचायला नाद खुळा, पण इथं पुढं सरकला तो घेरला गेला. ती मसूदला दिली, त्याला तर फोडून पलीकडंच जायचंय. बाजींना हिरोइक डिफेन्स, म्हणजे त्या फाइटमध्ये जखम व्हायला नॅचरल सहाच (माइटनं वाढवलेला न्हाई) पडायला पाहिजे.

आणि आता माझा स्वतःचा रूल, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. विशाळगडावरनं तोफा होईपर्यंत बाजी पडले न्हाईत हे आपण लहानपणापासनं ऐकत आलोय, मग ते टेबलावर कसं आणायचं? शेवटची जखम झाली की एक माइट द्यायचा आणि एका जखमेवर उभं राहायचं. म्हणजे बाजींचे तीन माइट म्हणजेच त्यांचा पुढचा जीव. दुसऱ्याच टर्नला पाचाचा सहा करायला हात शिवशिवतो बघा, पण तिथं माइट टाकला तर सातव्या टर्नला काय द्यायचं? तोफांसाठी सहाव्या टर्नपासनं फासा, चार किंवा वर आला की एक बार, तिसऱ्या बाराला गेम संपला, मावळे जिंकले, मग बाजी उभे असोत की नसोत.

मसूदचं मात्र अजून जमेना. तीन माइट दिले तर दर टर्नला हिरोइक मूव्हला मूव्ह भिडवतो आणि फुलाजी तिसऱ्या टर्नलाच रिकामे होतात, दोन दिले तर नुसता उभाच राहतो. सध्या दोनच ठेवून त्याच्या हाताखाली एक माइटवाला सरदार देऊन बघणार हाय, त्याची मिनी प्रिंटला टाकलीय.