आमची वाटचाल : खिडक्या कमी करायला सांगणारा कारखाना

मामांनी आणि मी खिडक्या बनवायला शेड भाड्याने घेतली तेव्हा आमच्याकडे चौकटीची पट्टी दोन्ही टोकांना एकदम कापणारं एक वापरलेलं डबल हेड कटिंग मशीन होतं आणि मामांची लाकडी पेटी होती. मामा मूळचे सुतार. पेटीत रंधा, पटाशी, ओळंबा, पाणसळ सगळं होतं, पण आमचं नाव झालं ते त्यातल्या एका पितळी पात्याच्या फिरत्या गुण्यामुळे. छपराचा उतार नकाशात 45 अंश लिहिलेला असतो आणि जागेवर तो 44 निघतो. एका अंशाने काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. 3.6 मीटर रुंदीत तेवढ्याने उंची 12 सेंटिमीटरने चुकते. छपराखालची तिरपी काच त्या कोनात आधीच कापावी लागते, कारण टफन्ड काच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, एकदा बाहेर आली की तिला कोणी कापू शकत नाही. म्हणून मामा परांचीवर चढून गुण्याने कोन धरत, प्लायचा साचा कापत, तो चौकटीत लावून बघत आणि त्याच्या एका अंगावर खडूने ‘बाहेर’ असं लिहीत. मग ते माप कागदावर यायचं.

पहिली काही वर्षं साध्या घरांच्या सरकत्या खिडक्या केल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग बार्न हाउसची मागणी सुरू झाली. धान्याच्या कोठारासारखं लांबट घर, दुपाखी छप्पर, सरळ भिंती आणि आढ्याखाली मोठी त्रिकोणी भिंत. ज्याला त्याला ती भिंत काचेची हवी असायची आणि बाकीच्या भिंतींवरही जागा दिसेल तिथे खिडकी. आमच्या धंद्यातले बहुतेक जण खुशीने होकार द्यायचे, कारण जितकी काच तितकं बिल. आम्ही मात्र गिऱ्हाइकाला आधी भिंत दाखवायचो. जुन्या कोठारांना भोकं मोजकी असायची आणि प्रत्येकाला काम असायचं. मळणीच्या कोठारांना समोरासमोर दोन मोठी दारं ठेवत, म्हणजे दोन्ही उघडली की आरपार वारा येई आणि धान्य उफणता येई. वर एक दार गवत चढवायला. बाकी भिंत कोरी. ती कोरी भिंतच त्या इमारतीचं रूप आहे. तिच्यावर सहा मापांच्या आठ खिडक्या विखुरल्या की काळ्या चौकटी लावूनसुद्धा ते कोठार वाटत नाही.

आमचा सल्ला आजही तोच आहे. गाडी आत जाईल एवढं एक मोठं भोक धरा आणि ते उभ्या पट्ट्यांमध्ये विभागा. त्याच्या समोरच्या भिंतीत उघडणारी झडप ठेवा. बाकीच्या खिडक्या दोन मापांत बसवा आणि सगळ्यांची डोकी एका ओळीत घ्या. आढ्याजवळ एक तरी टॉप हंग, म्हणजे वरच्या कडेला बिजागरी असलेली, झडप हवीच. हात पोचत नसेल तर साखळीची मोटर लावा, पण ती झडप गाळू नका. गरम हवा वर जाते, आणि वर सगळी न उघडणारी काच असली की उन्हाळ्यात माळ्यावर बसवत नाही.

मामा एक म्हण सारखी वापरायचे, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. या घरांच्या बाबतीत मात्र ते ती उलटी करून सांगायचे. या घरांना बहुतेक वेळा वळचणच नसते. छपरावरचं पाणी पागोळ्या होऊन लांब पडत नाही, भिंतीवरून थेट खाली येतं, आणि वारा असला की चौकटीच्या डोक्यावर वरसुद्धा ढकललं जातं. तिथे पत्र्याची दुमडलेली पट्टी लागते, तिला पाणी गळून पडेल अशी कड लागते आणि ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मोकळी लागतात. नुसत्या सिलिकॉनवर भागवणाऱ्याला दारात उभं करू नका.

आता आमच्या वाटचालीकडे परत येतो.

एका मोठ्या घराचं काम आम्हाला मिळालं. त्रिकोणी भिंतीचा डावा अर्धा भाग काचेचा, उजवा कोरा, कारण मागे जिना होता. तीन तिरप्या काचा, प्रत्येकी 1.2 मीटर रुंद, सगळ्यात उंच कड 5 मीटरच्या आसपास. बाहेर 6 मिलिमीटर टफन्ड, मध्ये 16 मिलिमीटरची पोकळी, आत 4 अधिक 4 लॅमिनेटेड, म्हणजे मधल्या चिकट थराने जोडलेल्या दोन काचा, फुटल्या तरी तुकडे थराला धरून राहतात. चौरस मीटरला 35 किलो धरा, म्हणजे तिन्ही मिळून 400 किलो. बाहेरची आणि आतली काच मिळून चार अंगं होतात, त्यात ऊन अडवणारं कोटिंग बाहेरून मोजता दुसऱ्या अंगावर. लॅमिनेटेड आत ठेवायचं कारण उघड आहे. खाली माणसं बसणार होती, आणि एवढ्या उंचीवरून टफन्डचा चुरासुद्धा डोक्यावर पडता कामा नये.

चौकट मामांनी स्वतः बसवली. दोन्ही कर्ण जुळले तेव्हाच ते खाली उतरले. काचेचे साचे घ्यायच्या आठवड्यात ते आजारी पडले आणि साचे मी घेतले. परांची आतल्या बाजूला होती, म्हणून साचे आतून घेतले. ‘बाहेर’ लिहायचं राहिलं. ऑर्डरच्या कागदावर आकृती बाहेरून पाहिल्यासारखी काढायची असते आणि मी आतून पाहिलेली काढली. सही माझी होती.

काचा आल्या त्या आरशात दिसाव्यात तशा, तिन्ही उलट्या. उतार डावीकडे हवा तिथे उजवीकडे.

पाठपोट फिरवल्या असत्या तर त्या चौकटीत बसल्या असत्या, जाडी तीच होती. घरमालकही म्हणाले, “फिरवून लावा आणि मोकळे व्हा.” पण मग लॅमिनेटेड बाहेर गेलं असतं, टफन्ड माणसांच्या डोक्यावर आलं असतं आणि कोटिंग तिसऱ्या अंगावर गेल्यामुळे ऊन आत जास्त आलं असतं. मामांना घरी जाऊन विचारलं. ते अंथरुणावरून एवढंच म्हणाले, “नाही लावायच्या.” नव्या काचांना पाच आठवडे लागणार होते. मालकांनी काम काढून घेतलं आणि चौकटीचे उरलेले पैसे उशिराचा दंड म्हणून ठेवून घेतले. काच कारखान्याचं बिल मात्र आम्हाला पूर्ण भरावं लागलं. शेडवर काम करणाऱ्या सहा मुलांपैकी चौघांना दुसरीकडे काम बघायला सांगितलं. डबल हेड मशीन विकलं. पगारासाठी त्या तीन काचाही एका व्यापाऱ्याला मातीमोल भावाने दिल्या.

तीन आठवड्यांनी त्या रस्त्याने जाताना बघितलं तर काचा लागल्या होत्या. आमच्याच. आमच्या एका स्पर्धकाने त्या व्यापाऱ्याकडून उचलल्या, फिरवल्या आणि मामांच्या चौकटीत बसवल्या. दोन काचांमधल्या पट्टीवर, म्हणजे स्पेसरवर, आमचा ऑर्डर क्रमांक छापलेला होता, तो मी खालून दुर्बीण लावून वाचला. कोपऱ्यात स्टिकर त्यांचं. वर बाजारात सांगत फिरले की दुसऱ्याला जमलं नाही ते आम्ही आठवड्यात करून दिलं. त्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ते घर अजून आहे. हे मला आजही सोसत नाही.

त्या वर्षी एकच व्यक्ती उभी राहिली, एक वास्तुरचनाकार बाई. त्यांचं छोटं काम होतं, अकरा खिडक्या. मी झालेलं सगळं लपवाछपवी न करता सांगितलं. त्या म्हणाल्या, “फिरवून लावल्या नाहीत ना? मग माझ्या तुम्हीच करा,” आणि अर्धे पैसे आधी दिले. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक घराच्या खिडक्या आमच्याकडे आहेत. खिडकीचा उंबरा किती उंच ठेवायचा हे त्यांनीच मला शिकवलं. बांधकाम चालू असताना त्या खोलीत खुर्ची ठेवून बसतात, मग पलंगाच्या उंचीवर बसतात आणि भिंतीवर खडूने रेघ मारतात. नकाशातला आकडा त्या नंतर बदलतात.

काळा रंग हवाच असेल तर चौकट कशाची आहे ते विचारा. 3 मीटरचा तुकडा 40 अंशांनी तापला तर यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांचं कडक प्लास्टिक, साधारण 8 मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम 3 च्या आत आणि काच जेमतेम 1. काळं ऊन जास्त पितं, म्हणून लांब मापात आम्ही ॲल्युमिनियमच देतो, आणि मध्ये उष्णता अडवणारी पॉलिअमाइड प्लास्टिकची पट्टी असलेलं. पट्टी नसली की थंडीत चौकटीला आतून घाम फुटतो.

गेल्या वर्षी त्याच मोठ्या घरातून फोन आला. एका झडपेची बिजागरी ढिली झाली होती आणि लावणारे येत नव्हते. मी गेलो. संध्याकाळ होती. परांचीवर चढून लायटर पेटवला आणि काचेजवळ धरला. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं कोटिंगच्या अंगाचं वेगळ्या रंगाचं असतं. आतून मोजलं तर तिसरं वेगळं यायला हवं होतं. दुसरं आलं. मालकांना खाली उतरून सांगितलं. ते काचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एवढी वर्षं काही झालं नाही ना.” बिजागरी बदलून दिली, तिचं बिल घेतलं. आतल्या बाजूने पारदर्शक सेफ्टी फिल्म लावून घ्या, असं लेखी देऊन आलो.

मामा आता शेडवर येत नाहीत. त्या कामाचे तीन प्लायचे साचे मागच्या भिंतीला टांगलेले आहेत. एकदा मुलांना दाखवायला ते आले होते, तेव्हा त्यांनी तिन्हींवर खडूने ‘बाहेर’ लिहिलं. मी नंतर ते रंगाने पक्कं करून घेतलं.