माझा अनुभव : कोऱ्या बफरमध्येच बिस्फेनॉल दिसत होतं

आधीच सांगते, एन्झाइमचा बायोसेन्सर (एन्झाइमच्या मदतीने एखादा पदार्थ करंटवरून मोजणारा सेन्सर) बनवणं वाटतं तेवढं अवघड नाहीये. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनावर घासायचा (१ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५), फेरीसायनाइडमध्ये तपासायचा, त्यावर टायरोसिनेज (मशरूममधून काढलेलं एन्झाइम) आणि बीएसए (आधार देणारं साधं प्रथिन) यांच्या मिश्रणाचा थेंब ग्लुटराल्डिहाइडने बांधायचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, झालं. हे मला दोन आठवड्यांत जमलं. त्यानंतरचे पाच आठवडे मात्र नुसत्या ब्लँकने (काहीच न मिसळलेल्या द्रावणाच्या रीडिंगने) खाल्ले आणि तो वैताग अजून गेला नाहीये, म्हणून लिहितेय.

मला बिस्फेनॉल ए मोजायचं होतं. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक याच्यापासूनच बनतं, अन्नाच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपातही हेच. शरीरात ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ सालीच दिसलं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पट खाली! त्यामुळे जितकं कमी मोजता येईल तितकं हवंच.

एन्झाइम कशाला, तर साध्या इलेक्ट्रोडवर बिस्फेनॉलचं थेट ऑक्सिडेशन केलं की त्याचा चिवट थर बसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या रीडिंगपासून सिग्नल पडायला लागतो. टायरोसिनेज त्याचं आधी क्विनोन (त्याचंच ऑक्सिडाइझ झालेलं रूप) करतं आणि ते क्विनोन शून्य व्होल्टच्या आसपासच परत रिड्यूस होतं, तोच आपला करंट.

तर झालं असं की माझ्या कोऱ्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), ज्यात मी काहीच टाकलेलं नाही त्यात, डीपीव्हीला (व्होल्टेज छोट्या झटक्यांनी बदलत करंट मोजायची पद्धत) छोटासा उंचवटा यायचा. अगदी त्याच जागी. आणि उंची माझ्या सगळ्यात खालच्या, १० नॅनोमोलरच्या स्टँडर्डएवढी (म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाएवढी). पहिल्यांदा वाटलं इलेक्ट्रोड नीट घासला गेला नाही, परत घासला. मग एन्झाइमची बॅच बदलली. मग रेफरन्स इलेक्ट्रोड बदलला. तरी उंचवटा आहे तिथेच. शेवटी एन्झाइमशिवाय, नुसतं बीएसए लावून इलेक्ट्रोड केला तर रेघ सपाट, आणि एन्झाइमवाल्यात कोजिक ॲसिड टाकलं (ते टायरोसिनेजला अडवतं) तर उंचवटा बसला. म्हणजे एन्झाइम खरोखरच कशावर तरी काम करत होतं. कशावर, तेच कळेना.

गाईड म्हणाले, एन्झाइमच्या पावडरमध्येच मशरूमचे फिनॉल आले असतील, डायलिसिस कर (म्हणजे पडद्यातून छोटे रेणू धुवून काढ). केलं. आठवडा त्यात गेला, उंचवटा जसाच्या तसा. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये कोणाशी धड बोलत नव्हते.

मग एका संध्याकाळी बफर संपलं. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) दुसऱ्याचा चालू होता आणि मला थांबायचा धीर नव्हता, म्हणून काचेच्या फ्लास्कमध्ये शंभर मिली बफर तिथेच केलं आणि तसंच वापरलं. रेघ सपाट. तीनदा घेतली, तीनदा सपाट. मी उठून नेहमीची बफरची बाटली उजेडात धरून बघितली, जुनी पॉलिकार्बोनेटची, शेकडो वेळा ऑटोक्लेव्हमधून गेलेली, आतून दुधासारखी धुरकट आणि ब्रशने चरे पडलेली. दुसऱ्या दिवशी एकच बफर दोन भागांत केलं, अर्धं काचेत, अर्धं त्या बाटलीत, दोन्ही एकत्र ऑटोक्लेव्ह केले. काचेतलं सपाट, बाटलीतल्याला उंचवटा. सेन्सर पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता!! इतका आनंद मला कॅलिब्रेशन सरळ आलं तेव्हाही झाला नव्हता.

नंतर वाचलं की हे १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांच्या बाबतीतही झालंय. यीस्ट इस्ट्रोजेन बनवतं असं त्यांना वाटत होतं, आणि निघालं काय तर पॉलिकार्बोनेट फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्यावर पाण्यात उतरणारं बिस्फेनॉल, लिटरला दोन-तीन मायक्रोग्रॅम. हिशोब करा, ते साधारण १० नॅनोमोलरच येतं. हे मी आधी वाचलं असतं तर पाच आठवडे वाचले असते, म्हणून तुम्ही तरी पहिल्याच दिवशी बफर, पाणी, स्टॉक सगळं काचेत हलवा, आणि ज्याचा ब्लँक सपाट नाही त्याने एन्झाइमला दोष देण्याआधी भांडी तपासा.

आणखी एक, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: सवयीने द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढू नका. टायरोसिनेजला ऑक्सिजन लागतो, तो नसेल तर सिग्नलच येणार नाही. मी एक दिवस यातही घालवलाय.

हो, आणि काचेची भांडी धुतल्यावर शेवटी मेथॅनॉलने खळखळून घ्या. थर्मल पेपरची पावती हाताळली असेल तर ग्लोव्ह बदला, त्या कागदाच्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल मोकळंच असतं. खऱ्या सॅम्पलमध्ये व्हिटॅमिन सी असेल तर ते क्विनोनला इलेक्ट्रोडवर पोचायच्या आधीच परत फिरवतं आणि रीडिंग कमी येतं, तेव्हा माहीत असलेलं बिस्फेनॉल त्यात टाकून किती परत दिसतं ते बघायचं. माझं सध्या तेच चाललंय. ती धुरकट बाटली मी फेकली नाहीये, लेबल लावून पॉझिटिव्ह कंट्रोल (सेन्सर चालतोय का ते बघायला, नक्की सिग्नल देणारा नमुना) म्हणून ठेवलीये.